ध्यानातल्या पातळ्या कशा ओळखायच्या आणि माणूस नेमका कुठे अडकतो

ताई, तुमचा प्रश्न इतरांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही कराडला असता, काही वर्षं पहाटे श्वासाबरोबर नाम घेत बसता. अलीकडे डोळे मिटले की निळसर ठिपका दिसतो. कानात रातकिड्यासारखा बारीक आवाज येतो, तो दिवसाही ऐकू येतो. आणि कधीकधी मधली बरीच मिनिटं कुठे गेली ते आठवतच नाही, घड्याळ पाहिलं की कळतं. वाचनात सात चक्रं आली, सूफींच्या सात लतीफा (आतली सूक्ष्म केंद्रं) आल्या, स्पेनमधल्या संत तेरेसांचे सात महाल आले, वेदान्तातली तुर्या आली. हे सगळं एकच आहे का, त्यात मी कितव्या पायरीवर, आणि ती कोरी मिनिटं म्हणजे समाधी का, असं तुम्ही विचारलंत. शेवटी एका ऑनलाइन शिबिराबद्दलही विचारलंत, तिथे थेट वरची पातळी उघडून देतात म्हणे.

या सातांची एकमेकींशी जोडी लावू नका, ती लागत नाही. मात्र पुढे काय दिसेल, त्यातलं काय सोडून द्यायचं आणि फसगत कुठे होते, याबद्दल एकमेकींपासून फार दूर वाढलेल्या परंपरा थक्क करण्याइतकं सारखं बोलतात. साधकाच्या कामाचं ते तिथेच आहे.

जोडी का लागत नाही, ते आधी. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं. त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी तुर्या. पहिल्या तिन्हींतून आपण प्रत्येकजण रोज जातो. रात्री गाढ झोपलेला माणूस तिसऱ्या पायरीवर पोहोचला असं कोणी म्हणत नाही, म्हणजे ही चढण नव्हे, अवस्थांची मोजदाद आहे. तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश हे थर आहेत. अन्नमयापासून आनंदमयापर्यंत ते साधना न करणाऱ्यातही पाचच असतात. चक्रं आणि लतीफा या लक्ष ठेवण्याच्या जागा. तेरेसांचे महाल आणि बौद्धांची ध्यानं मात्र खरोखर प्रवासाचे टप्पे, एक झाल्यावर दुसरा. अवस्था, थर, जागा आणि टप्पे एकाच तक्त्यात भरले की तक्ता देखणा होतो, पण साधकाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहा. पूर्णानंद यतींचं षट्चक्रनिरूपण 1577 सालचं मानतात. तेरेसांनी 'अंतरीचा दुर्ग' लिहिला तोही 1577 मध्येच. बंगालकडचा तांत्रिक आणि स्पेनमधली कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथातली जोगीण, एकमेकांची गंधवार्ता नाही. पूर्णानंदांच्या मूलाधारापासून आज्ञेपर्यंतच्या सहा चक्रांना पाकळ्या, बीजाक्षरं, तत्त्वं आणि देवता आहेत, वर सहस्रार. तेरेसांच्या पहिल्या तीन महालांत प्रकाश नाही, नाद नाही. तिथे नम्रता, नेमाची प्रार्थना आणि सरळ वागणूक आहे. शांत प्रार्थना सुरू होते ती चौथ्या महालात. आता मूलाधाराची पहिल्या महालाशी जोडी लावायची म्हटलं तर नेमकं काय कशाशी जोडणार? आणि हल्लीच्या चित्रांत चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने देतात, तेही पूर्णानंदांकडे नाहीत. त्यांच्या मणिपूरचक्राच्या पाकळ्या पावसाळी ढगाच्या रंगाच्या आहेत, पिवळ्या नव्हेत.

लतीफांचंही असंच. चौदाव्या शतकातल्या इराणी सूफी अलाउद्दौला सिमनानींनी सात लतीफा सांगितल्या, प्रत्येकीला एक पैगंबर आणि एक रंग दिला. त्यांच्याकडे क़ल्बचा (हृदयाचा) रंग लाल, रूहचा (आत्म्याचा) पिवळा. पुढे हिंदुस्थानात शेख अहमद सरहिंदींच्या नक्षबंदी शाखेत लतीफांच्या जागा छातीवर ठरल्या आणि सर्वसाधारणपणे क़ल्बला पिवळा, रूहला लाल असं शिकवलं जाऊ लागलं. रंग बरोबर उलटे, आणि दोन्हीकडचे साधक आपापल्या गुरूने सांगितलेलेच रंग पाहतात. यावरून कोणी खोटं बोलत होतं असं मी मानत नाही. शिकवणीने लक्षाला जे वळण लागतं त्या वळणाने दिसतं, एवढंच यातून निघतं. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी हे स्वच्छ लिहून ठेवलंय. श्वासावर ध्यान करणाऱ्या एकाला ताऱ्यासारखं दिसतं, एकाला मोत्यांसारखं, एकाला कापसासारखं, एकाला धुरासारखं. ध्यानाचा विषय एकच, फरक ज्याच्या त्याच्या संज्ञेचा, म्हणजे मनाने ते कसं टिपलं त्याचा. तेव्हा तुमचा ठिपका निळा आहे म्हणून अमुक चक्र, असं कोणी सांगितलं तर कानाआड करा.

मग प्रकाशाला काही अर्थच नाही का? आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात एक मंत्र आहे. योगात ब्रह्म प्रकट होण्याच्या आधी जी रूपं येतात त्यांची त्यात यादी आहे: धुकं, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवा, वीज, स्फटिक, चंद्र. आता तिबेटी तंत्रपरंपरेकडे पाहा. मन स्थूलाकडून अतिसूक्ष्माकडे जाताना तिथे आधी मृगजळ दिसतं, मग धूर, मग काजवे, मग दिव्याची ज्योत. त्यापुढे चांदण्यासारखं पांढरेपण, नंतर लाली, नंतर काळोख, आणि त्याही पलीकडे निर्मळ प्रकाश. धूर आणि काजवे दोन्हीकडे आहेत. याद्यांचा क्रम वेगळा आहे, पण दोन्ही परंपरांनी ही चिन्हं वाटेवरची म्हणून दिली आहेत. लक्ष बाहेरच्या विषयांवरून सुटून आत वळू लागलं एवढी खात्री त्यांनी पटते. तुमच्या ठिपक्याने तेवढंच सिद्ध होतं, आणि तेही काही थोडं नाही.

आमच्या परंपरेविषयी इथे सांगायला हवं, कारण अनुभवांची चिकित्सा करायची शिस्त मी तिथून घेतली. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज (1843–1914) यांनी निंबर्गी महाराजांची नामसाधना पुढे नेली, इंचगिरीला मठ झाला. त्यांचे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे हे फर्ग्युसनला आणि काही काळ इथे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. संतांना झालेले रूपाचे, तेजाचे, नादाचे अनुभव त्यांनी अभंगांतून वेचून शेजारी शेजारी मांडले. त्यांना ते भ्रम वाटत नव्हते. पण अनुभव खरा की नाही हे त्या अनुभवाच्या झगमगाटावरून ठरवायला ते तयार नव्हते. त्या माणसाची बुद्धी अधिक स्वच्छ झाली का, भावना निवळल्या का, आचरण सुधारलं का, असं ते विचारत. माझ्याकडे बसायला येणाऱ्यांना मीही हेच विचारतो. ठिपक्याचा रंग विचारत नाही.

तेरेसांचीही साक्ष काढतो. दर्शनं, उन्मनी होणं, देहभान हरपणं यांचा सगळा गजबजाट त्यांच्या सहाव्या महालात आहे, ग्रंथाचा तो सर्वांत लांब भाग, अकरा प्रकरणांचा. सातव्या, म्हणजे शेवटच्या महालात हे प्रकार बहुतेक ओसरतात असं त्या सांगतात. तिथे उरते ती स्थिरता आणि तिच्यातून होत राहणारी सत्कर्मं. त्यांचे सहकारी क्रुसाचे योहान तर आणखी कडक: दर्शन खरं असो वा नसो, त्याला धरून बसू नका. आपल्या माणदेशात गोंदवलेकर महाराजांचा रोखही असाच होता, अनुभवाच्या मागे लागू नका, नाम सोडू नका.

नादाकडे येतो. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादांची यादी आहे. सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी. मध्ये मृदंग, शंख, घंटा. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंगा. स्थूलाकडून सूक्ष्माकडे, आणि लक्षही त्याच दिशेने न्यायचं असं तिथे सांगितलंय. पण तुमचा आवाज दिवसभर येतो, कामात असतानाही येतो, असं तुम्ही लिहिलंत. ताई, याला आधी कानाचे डॉक्टर. कर्णनाद ही सर्रास आढळणारी तक्रार आहे. कानातला मळ, ऐकण्यातली घट, काही औषधं, अपुरी झोप, अशी त्याची कारणं असतात. ध्यानातला नाद लक्ष आत वळलं की उमटतो आणि लक्ष बाहेर आलं की मागे सरतो. जो सरत नाही तो तपासून घ्यावा. डोळ्यांचंही तेच सांगतो: डोळे उघडे असताना एका बाजूला वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, ते रेटिनाचं लक्षण असू शकतं. यात साधनेचा अपमान नाही.

सूक्ष्म पातळी म्हणजे काय, हे समजवायला मी नवीन माणसाला मिरजेच्या तंबोऱ्याजवळ बसवतो. तंबोऱ्याला पंचमाची तार असते, षड्जाच्या जोडतारा असतात, खर्ज असतो. गंधाराची तार नसते. तरी तार नीट लागली, घोडीवर जवारीचा दोरा बरोबर जागी बसला, की खर्जातून गंधार ऐकू येतो. कोणी छेडलेला नाही. तो त्याच तारेत होता आणि पहिल्या दिवशीही होता. फक्त जवारी जमलेली नव्हती आणि कानाला सवय नव्हती. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण या चार देहांकडे असं पाहिलं की 'वर जायचं' ही घाई आपोआप कमी होते.

चार देह म्हटलं की आपल्याकडे दासबोधच. सतराव्या दशकात नववा समास तनुचतुष्टयाचा आहे. स्थूल देहाची जागृती, स्थान नेत्र. सूक्ष्माची स्वप्नावस्था, स्थान कंठ. कारणाची सुषुप्ती, स्थान हृदय. महाकारणाची तुर्या, स्थान मूर्ध्नी, म्हणजे मस्तक. देह, अवस्था आणि स्थानं समर्थांनी एका ओळीत बसवली, म्हणून वाचणाऱ्याला हा जिना वाटतो. पण समर्थ ही तत्त्वं मांडतात ती तत्त्वझाड्यासाठी, एकेक निवडून बाजूला सारण्यासाठी. महाकारणही त्यातून सुटत नाही. सज्जनगडावर हा समास ऐकला असेल तर चौथा देह हे मुक्कामाचं ठिकाण नव्हे, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. भाऊसाहेब महाराजांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी याच चार देहांवरून पुढची सगळी शिकवण उभी केली, आणि त्यांनी सर्वांत जास्त बजावलं ते तिसऱ्या देहाबद्दल. कारण देह म्हणजे विस्मरण. काही नाही, कोणी नाही, नुसतं शून्य. साधक तिथे पोहोचतो आणि 'हेच ब्रह्म' म्हणून थांबतो.

ताई, तुमची कोरी मिनिटं बहुधा हीच आहेत. याला लय म्हणतात. तुमच्या सगळ्या प्रश्नांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला हा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांनी मांडूक्य कारिकेत नेमका हा भेद सांगितलाय. द्वैत न दिसणं हे गाढ झोपेतल्या प्राज्ञालाही सारखंच आणि तुर्यालाही सारखंच. पण प्राज्ञाला बीजरूप निद्रा जडलेली असते, तुर्यात ती नसते. उपनिषद तुर्येबद्दल बोलताना 'जाणतं नाही' म्हणतं आणि लगेच 'न जाणतंही नाही' असं जोडतं. म्हणजे नुसतं काहीच न कळणं ही तुर्या नव्हे. पुढे गौडपाद उपायही देतात: चित्त लयात गेलं तर जागं करा, विखुरलं तर शांत करा, आत वासना दडलेली असेल तर ओळखा, आणि समतोल साधला तर मग हलवू नका. वेदान्तसारात सदानंदांनी निर्विकल्प समाधीची चार विघ्नं दिली आहेत, त्यात पहिलं लय.

आता तेरेसा. चौथ्या महालात त्या लिहितात, की काही भगिनी उपास-जागरणांनी अशक्त झालेल्या असतात. प्रार्थनेत एक गुंगी येते, तासन्तास तशाच बसतात आणि तिला समाधी समजतात. त्यांचा हुकूम काय? या बाईला जास्त जेवू द्या, जास्त झोपू द्या, प्रार्थनेचे तास कमी करा. तिबेटातले आचार्य त्सोंगखापा यांनीही सूक्ष्म मांद्याबद्दल इशारा दिला: मन स्थिर असतं, सुखाचंही असतं, पण धार गेलेली असते, आणि साधक तिलाच समाधी मानतो. त्यांच्या चिन्हांच्या क्रमातही काळोख निर्मळ प्रकाशाच्या अलीकडे येतो, शेवटी नाही. उमदीकडची परंपरा, तेरेसांचं आविला, तिबेट. कोणाच्या किती पायऱ्या यावर एकमत नाही, पण या कोऱ्या जागेवर थांबू नका, यावर आहे.

यहुदी कब्बालामध्ये आत्म्याचे पाच स्तर सांगतात, थिऑसफीने सात देह सांगितले. तुम्हाला सध्या त्यांत शिरायची गरज वाटत नाही. एक नकाशा पुरे, आणि नाम घेणाऱ्याला वाचेचा नकाशा सर्वांत सोयीचा. तो जुनाही आहे: वाणीची चार पदं, त्यातली तीन गुहेत दडलेली, असं ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आलंय. व्यवहारात तो असा ओळखायचा. ओठ हलतात, आवाज येतो, ती वैखरी. ओठ बंद, पण जिभेच्या मुळाशी, कंठात सूक्ष्म हालचाल जाणवते, शब्द एकामागून एक आत 'म्हटले' जातात, ती मध्यमा. बहुतेक साधक वर्षानुवर्षं इथे असतात आणि त्यात कमीपणा नाही. पश्यंतीत आपण म्हणत नाही. नाम आपलं आपण उठतं, अक्षरं सुटी पडत नाहीत, आणि ते उठताना आपल्याला पूर्ण जाग असते. ही जाग महत्त्वाची. नाम थांबलं आणि जागही गेली, तर ती पश्यंती नव्हे, लय. चौथी वाचा परा, तिच्याबद्दल मी लिहीत नाही. ज्ञानदेवांनीही अमृतानुभवात चारी वाचांचं ऋण फेडायला एक प्रकरण खर्ची घातलं आहे. त्या वाचा शेवटपर्यंत पुरत नाहीत, म्हणूनच ते लिहावं लागलं.

तुम्ही जे लिहिलंत त्यावरून तुमचं नाम मध्यमेत चांगलं रुळलंय आणि तिथून अधूनमधून लयात घसरतंय, असं मला दिसतं. कोऱ्या मिनिटांतून बाहेर आल्यावर स्वतःकडे पाहा. मान पुढे झुकलेली आहे का? तोंडाला सुस्ती आहे का? लगेच कोणी हाक मारली तर चिडचिड होते का? तसं असेल तर ती झोपेचीच धाकटी बहीण समजा. अंग हलकं असेल, नाम सुटलं त्या क्षणाची खूण आठवत असेल, दिवसभर माणसांशी बोलताना मऊपणा टिकत असेल, तर थोडं निराळं आहे, पण तरी त्याला नाव देऊ नका.

करायचं ते साधं. पहाटे बसण्याआधी पूर्ण झोप झालेली हवी; चार तास झोपून तीनला उठण्यात पुरुषार्थ नाही. पाठ सरळ ठेवा, पण भिंतीला टेकू नका. नाम विरळ होतंय असं वाटताच पुन्हा वैखरीत या, मोठ्याने दहा-वीसदा म्हणा, मग आत न्या. तरीही घसरत असेल तर उठून उघड्या डोळ्यांनी चालत नाम घ्या. अजपाचा, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप होणाऱ्या जपाचा, हिशेब दासबोधात दिवसाकाठी 21,600 श्वासांचा आहे, म्हणजे मिनिटाला पंधरा. पण श्वास मोजायला किंवा ओढून मंद करायला जाऊ नका. तो आहे तसा राहू दे, नाम त्याच्यावर बसवा. ठिपका दिसला तर दिसू दे. त्याच्याकडे वळू नका आणि त्याला हाकलूही नका.

भीती वाटू लागली, रात्री झोप उडाली, आपण इतरांपेक्षा निवडलेले आहोत असं वाटू लागलं, किंवा कोणी आज्ञा देतंय असे शब्द ऐकू आले, तर साधना त्याच दिवशी थांबवा, घरच्यांना सांगा आणि मनोविकारतज्ज्ञाला भेटा. परंपरेतला कोणताही जाणता माणूस हेच सांगेल.

राहिलं ते शिबिर. सिद्धरामेश्वर महाराजांनी नुसत्या दीर्घ ध्यानाला पिपीलिका (मुंगीचा) मार्ग म्हटलं आणि विचाराच्या मार्गाला विहंगम (पक्ष्याचा). म्हणजे जवळची वाट आपल्याकडेही सांगितलेली आहे. पण ती विवेकाची आहे. पैसे भरून दोन दिवसांत तिसरा डोळा उघडून देण्याची नव्हे. जो तुमची झोप, तब्येत, घरचं वातावरण काही न विचारता पातळी उघडून देतो म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. कराडपासून चाफळ आणि सज्जनगड दूर नाहीत, तिथे नित्य उपासना चालते. आठवड्यातून एकदा इतरांबरोबर बसा. एकटीने बसणाऱ्याला लय लवकर गाठतो, चार माणसांत मान झुकली की शेजारचा तरी जागं करतो.

कानाची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. रिपोर्टमध्ये काही निघालं तर उपचार घ्या, नाही निघालं तरी आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही, आणि पहाटेचं नाम दोन्ही बाबतींत चालूच ठेवायचं. महिन्या-दोन महिन्यांनी कोऱ्या मिनिटांचं काय झालं ते कळवा. रंगांचं नाही कळवलंत तरी चालेल.